क्रेतात मागे ठेवलेला माणूस

आजचं वाचन: तीत १:१-९, २:१५, ३:१२-१५
सोबत वाचा: २ करिंथ २:१२-१३, ७:५-१६, ८:१६-२४



तीताला लिहिलेलं पत्र तीनच अध्यायांचं, ४६ वचनांचं आहे. ठाण्याहून दादरला पोचेपर्यंत लोकलमध्ये दोनदा वाचून होतं. पण १:५ वरून आपण बहुतेक जण पटकन पुढे सरकतो. तिथे मंडळीच्या वडिलांच्या पात्रतेची यादी सुरू होते आणि आपल्याला वाटतं की हे पाळकांसाठी आहे, पास्टोरेट कमिटीसाठी आहे, आपला काय संबंध? आज त्या एका वचनापाशी थोडं थांबू या. तुमच्यापैकी जे युथचं काम बघतात, वर्शिप टीम चालवतात, घरी सेल ग्रुप घेतात किंवा ऑफिसात चार-पाच जणांची टीम सांभाळतात, त्यांनी तर नक्कीच.

पौल तीताला आठवण करून देतो की मी तुला क्रेतात मागे ठेवलं ते दोन कामांसाठी. जे अर्धवट राहिलंय ते मार्गी लावायचं, आणि गावोगावच्या मंडळ्यांमध्ये वडील नेमायचे. कसे नेमायचे याच्या सूचनाही पौलाने आधी दिलेल्या होत्या.

आता यात पौलाने काय म्हटलेलं नाही ते बघा. योग्य माणसांची यादी करून मला पाठव, मी बघून कळवतो, असं तो म्हणत नाही. तात्पुरते नेम, मी आल्यावर कायम करू, असंही नाही. निकष पौलाचे आहेत, पण माणूस निवडायचा तीताने, आणि नेमायचाही त्यानेच. क्रेत म्हणजे काही एक गाव नाही. साधारण २६० किलोमीटर लांबीचं बेट आहे, म्हणजे मुंबईहून साताऱ्याला जावं इतकं. होमरच्या काव्यात त्याला शंभर नगरांचं बेट म्हटलंय. तिथल्या प्रत्येक गावातल्या मंडळीचं भवितव्य पौलाने एका माणसाच्या निर्णयावर सोपवलं आणि तो जहाजात बसून निघून गेला.

काम देणं आणि अधिकार देणं यात फरक आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये बहुतेक वेळा फक्त पहिलंच होतं. चित्र ओळखीचं आहे. एखाद्या ताईला सांगितलं जातं, “संडे स्कूल आता तुझं.” टाळ्या होतात, प्रार्थना होते. मग कुठला पाठ घ्यायचा ते विचारायचं. नाताळच्या कार्यक्रमात कुठली गाणी ते विचारायचं. क्रेयॉन्ससाठी ३०० रुपये हवेत तर खजिनदारांना फोन, खजिनदार म्हणणार सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणणार पाळकसाहेब गावाला गेलेत, रविवारी बोलू. आणि कार्यक्रम फसला की मात्र सगळे तिच्याकडेच बघणार! जबाबदारी पूर्ण तिची, निर्णय एकही तिचा नाही. वर्ष-दीड वर्षात ती थकते आणि आपण म्हणतो, “आजकालच्या मुलांमध्ये सेवेची ओढच राहिली नाही.”

पौलाने तीताला असं लटकत ठेवलं नाही. आणि का ठेवलं नाही, हे पत्रातल्याच एका शब्दात आहे.

१:३ मध्ये पौल स्वतःबद्दल सांगतो की सुवार्तेचं काम माझ्याकडे तारणाऱ्या देवाच्या आज्ञेने आलं. या आज्ञेसाठी मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘एपितागे’. पुढे २:१५ मध्ये तो तीताला सांगतो की शिकव, उत्तेजन दे, चुकणाऱ्याला खडसाव, आणि हे सगळं पूर्ण अधिकाराने कर. इथे अधिकारासाठी शब्द कोणता? तोच, एपितागे! मराठीत वेगवेगळे शब्द येत असल्यामुळे हा धागा आपल्याला दिसत नाही. पण ग्रीक वाचणाऱ्याला दिसतं की देवाची जी आज्ञा पौलापर्यंत आली, तिच्याच जोरावर आता तीताने बोलायचं आहे. अधिकार पौलाच्या खिशातला नव्हताच. तो वरून आला होता, आणि म्हणूनच पुढे देता येत होता. कफर्णहूमचा तो शताधिपती आठवतो ना? मत्तय ८ मधला. येशूने तिथूनच शब्द बोलावा, घरी यायची गरज नाही, असं तो म्हणू शकला. कारण तो स्वतः कुणाच्या तरी हुकमाखाली होता आणि हुकूम वरून खाली कसा जातो हे त्याला रोजच्या नोकरीत दिसत होतं.

ज्याला वाटतं की हा अधिकार माझा आहे, मी कमावलाय, मी ही मंडळी शून्यातून उभी केली, त्याला तो दुसऱ्याच्या हातात देणं जवळजवळ अशक्य जातं. दिला की आपल्याकडचा कमी होईल अशी भीती वाटते. ज्याला ठाऊक आहे की हे माझं नव्हतंच, त्याचा हात मोकळा असतो.

आपल्याकडे यासाठी एक छान जुना शब्द आहे, मुखत्यारपत्र. गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी आजोबांनी काकांना मुखत्यारपत्र करून दिलं, की काकांची सही म्हणजे आजोबांची सही. तलाठ्याकडे काका उभे राहिले तरी कागदावर आजोबाच उभे असतात. पण म्हणून जमीन काकांची होत नाही. १:७ मध्ये पौल मंडळीच्या अध्यक्षाला देवाचा कारभारी म्हणतो, तेही हेच. कारभार पूर्ण बघायचा, सातबाऱ्यावर नाव मात्र धन्याचं.

आमच्या क्षेत्रात हीच गोष्ट ओऑथ नावाने चालते. एखादं ॲप तुमचं कॅलेंडर बघायची परवानगी मागतं, तुम्ही ‘अलाऊ’ दाबता. त्या ॲपला तुमचा पासवर्ड मिळत नाही, एक टोकन मिळतं. काय काय करता येईल याची हद्द ठरलेली असते, साधारणपणे मुदतही असते, आणि तुम्ही ते कधीही रद्द करू शकता. पण हद्दीच्या आत असेपर्यंत ॲप प्रत्येक वेळी तुम्हाला विचारत बसत नाही. विचारत बसलं असतं तर दिवसभर तुमचा फोन वाजत राहिला असता, आणि परवानगी देऊन उपयोगच काय झाला असता?

तीताच्या बाबतीत हद्द स्पष्ट होती: क्रेत. काम स्पष्ट होतं: वडील नेमणं, शिक्षण सरळ करणं. मुदतही होती, तिच्याकडे नंतर येतो.

आधी हा माणूस कोण ते बघू. प्रेषितांच्या कृत्यांत तीताचं नावसुद्धा नाही. जे कळतं ते पौलाच्या पत्रांमधून. गलती २ मध्ये तो पहिल्यांदा भेटतो: ग्रीक माणूस, सुंता न झालेला, आणि पौल-बर्णबा त्याला थेट यरुशलेमला घेऊन जातात. सुंतेशिवाय परराष्ट्रीय माणूस देवाच्या लोकांत येतो की नाही, हा त्या वेळचा सगळ्यात पेटलेला वाद, आणि त्या वादाच्या मधोमध हा तरुण जिवंत उदाहरण म्हणून उभा. पुढे करिंथच्या मंडळीशी पौलाचे संबंध फार ताणले गेले. त्याने त्यांना एक कडक पत्र लिहिलं. त्या दिवसांत करिंथला कोणाला पाठवलं? तीताला. ते पत्र त्याच्याच हातात होतं असं बरेच अभ्यासक मानतात.

आणि इथे माझी आवडती जागा येते, २ करिंथ २:१२-१३. पौल त्रोवसला पोचलाय. सुवार्तेसाठी दार उघडलंय, म्हणजे सेवकाला आणखी काय हवं? पण तीत तिथे भेटत नाही, आणि पौलाच्या जिवाला चैन पडत नाही. तो ते उघडं दार सोडून मासेदोनियाला निघतो. सातव्या अध्यायात तो सांगतो की तिथेही आराम नव्हता, बाहेर भांडणं आणि आत भीती.

अधिकार देण्याची खरी किंमत ही आहे मित्रांनो. लीडरशिपच्या पुस्तकांत ती क्वचित लिहिलेली असते. फोन नाही, व्हॉट्सॲपच्या दोन निळ्या टिका नाहीत. करिंथकरांनी तीताला हाकलून दिलं असेल का? तो तिथे काही भलतंच बोलून बसला असेल का? पौलाला काहीच माहीत नाही, आणि मधे पडून काही दुरुस्तही करता येत नाही. त्याने निर्णय दुसऱ्याच्या हातात दिलाय आणि आता तो फक्त वाट बघतोय. इतका मोठा प्रेषित, पण काळजीने झोप उडालेल्या आईबापासारखा. याला मी विश्वासाची कमतरता म्हणणार नाही. काळजी वाटली तरी त्याने तीताच्या मागोमाग दुसरा माणूस तपासायला पाठवल्याचं कुठे दिसत नाही. मग तीत परत आला, चांगली बातमी घेऊन आला, आणि पौल लिहितो की देवाने आम्हाला तीताच्या येण्याने धीर दिला. करिंथकरांनी तीताला किती आदराने वागवलं, त्याचं ऐकलं, हे तो किती कौतुकाने सांगतो ते ७:१३-१५ मध्ये वाचा. माझ्यामुळे झालं, माझ्या पत्रामुळे झालं, अशी त्याची धावपळ नाही.

म्हणजे क्रेत अचानक नाही आलं. आधी यरुशलेममध्ये सोबत नेलं, मग करिंथचं अवघड काम दिलं, मग देणगी गोळा करण्याचं काम, आणि मग अख्खं बेट. काल बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या हातात माईक देऊन “प्रभू सांभाळेल” म्हणणाऱ्यांनीही हा क्रम बघावा.

आता क्रेतातल्या माणसांकडे वळू. १:१२ मध्ये पौल क्रेतकरांबद्दल त्यांच्याच एका कवीचं मत सांगतो, आणि ते मत वाचून कोणी त्या बेटावर पोस्टिंग मागणार नाही! खोटारडे, आळशी, खादाड. तरीही वडील कुठून आणायचे? याच लोकांतून. अंत्युखियाहून अनुभवी माणसं मागव, असं पौल म्हणत नाही.

एक बारीक गोष्ट दाखवतो. १ तीमथ्य ३ मध्येही अशीच पात्रतेची यादी आहे, ती इफिससाठी. तिथे एक अट आहे की तो माणूस विश्वासात नवखा नसावा. इफिसची मंडळी जुनी होती, ती अट तिथे पाळता येत होती. तीताच्या यादीत ही अट नाहीच. माझ्या मते कारण साधं आहे: क्रेतात सगळेच नवीन होते. पौलाने अट गाळली, पण शील गाळलं नाही. दोष ठेवायला जागा नसावी, रागीट नसावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर पाहुण्यांसाठी उघडं असावं, वचन घट्ट धरणारा असावा. यादीत कौशल्याची बाब जवळजवळ एकच, शिकवता यावं आणि विरोध करणाऱ्याला उत्तर देता यावं. बाकी सगळं माणूस घरात आणि गल्लीत कसा वागतो याबद्दल. आपण मात्र बघतो की गिटार येते का, इंग्रजी बरं आहे का, पीपीटी करतो का.

“आमचे लोक अजून तयार नाहीत,” हे वाक्य चर्चच्या इतिहासात फार वेळा ऐकू येतं. आपल्या देशातलंच बघा. इंग्रज बिशप भारतात १८१४ पासून होते, पण पहिला भारतीय अँग्लिकन बिशप व्हायला १९१२ साल उजाडावं लागलं. ते म्हणजे व्ही. एस. अझरया. तिन्नेवेल्लीकडचे तमिळ ख्रिस्ती. १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेत त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचा त्याग आम्ही मानतो, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. दोन वर्षांनी त्यांना बिशप करायचं ठरलं तेव्हा बराच विरोध झाला. गोऱ्या मिशनऱ्यांनी भारतीय माणसाच्या हाताखाली काम करायचं? मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले. २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरयांचा अभिषेक झाला आणि निजामाच्या राज्यातलं डोर्नाकल, जे आज तेलंगणात आहे, त्यांच्याकडे आलं. वय ३८. १ जानेवारी १९४५ ला देवाघरी जाईपर्यंत ते तिथले बिशप होते.

योगायोग असा की त्याच १९१२ साली रोलंड ॲलन या इंग्रज मिशनऱ्याचं पौलाच्या मिशनपद्धतीवरचं पुस्तक आलं. ॲलन चीनमध्ये काम करून आले होते. त्यांचा मुद्दा असा की पौल थोडा काळ राहायचा, शिकवायचा, वडील नेमायचा आणि मंडळी पवित्र आत्म्याच्या हाती सोपवून निघून जायचा. आपण मात्र पिढ्यानपिढ्या चाव्या आपल्याच कंबरेला लावून बसतो. मला वाटतं प्रश्न तिथेच आहे. लोक तयार आहेत का हे आपण विचारतो, पण पवित्र आत्मा त्यांच्यातही काम करतो यावर आपला विश्वास आहे का, हे स्वतःला विचारत नाही.

पण थांबा, दुसरी बाजूही आहे. दिलेला अधिकार म्हणजे कोरा चेक नाही. २ करिंथ ८ मध्ये यरुशलेमच्या गरिबांसाठी देणगी गोळा करायची आहे, आणि पुढे तीतच आहे. पौलाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास, त्याला तो आपला भागीदार म्हणतो. तरी सोबत आणखी दोन बंधू पाठवतो, त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला. कारणही उघड सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्याकडे कोणी बोट दाखवू नये, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही सगळं स्वच्छ दिसावं. तीतावर अविश्वास आहे म्हणून नाही, पैसा आहे म्हणून. आमच्याकडे सीनियर डेव्हलपरच्या कोडलाही दुसऱ्या कोणाचा रिव्ह्यू लागतो, आणि त्यात कोणी अपमान मानत नाही. त्यामुळे एखादा लीडर “देवाने मला अभिषेक केलाय, मला हिशेब विचारू नका” म्हणत असेल, तर तुम्ही नक्की विचारा. आदराने विचारा, पण विचारा. पौलाने स्वतःचा हिशेब तीन माणसांसमोर ठेवला होता.

आणि ज्यांना अधिकार मिळालाय त्यांचं काय? २:१५ मध्ये पौल तीताला सांगतो की कोणी तुला कमी लेखू नये. तुम्ही पंचविशीतले असाल आणि साठीतल्या काकांना मीटिंगमध्ये नाही म्हणायचं असेल, तर हे किती अवघड आहे ते कळेल. आपल्याकडे एक सोपी पळवाट असते: “मला काही प्रॉब्लेम नाही काका, पण पाळकसाहेबांना विचारून सांगतो.” निर्णय तुमच्या हद्दीतला असताना असं म्हणणं नम्रता वाटते, पण त्यामुळे काम पुन्हा त्याच एका टेबलावर जाऊन पडतं. “काका, तुमचं म्हणणं समजलं. या वर्षी आपण असं करतोय,” एवढं प्रेमाने म्हणता आलं पाहिजे. दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर पौल तीताला हेही सांगतो की चांगल्या वागण्याचा कित्ता तू स्वतः हो. तुमच्या आवाजापेक्षा काका तुमचं वागणं जास्त लक्षात ठेवतील. २ करिंथ ८:१७ मध्ये तीताबद्दल एक गोड गोष्ट आहे: पौलाने विनंती केली खरी, पण तो इतका उत्सुक होता की आपण होऊनच निघाला. हद्द ठरलेली, पण ढकलावं लागत नाही, असा सहकारी मिळायला नशीब लागतं.

आता मुदत. ३:१२ हे वचन आपण शेवटच्या नमस्कार-चमत्कारात धरतो आणि पुस्तक मिटतो. पौल लिहितो की मी अर्तमाला किंवा तुखिकाला तुझ्याकडे पाठवीन; त्यांच्यापैकी कोणी आला की तू निकपलीस मला भेटायला ये, हिवाळा मी तिथेच काढणार आहे. म्हणजे बदली माणूस येणार, आणि तीताने निघायचं! इतक्या गावांत फिरून, भांडणं मिटवून, माणसं पारखून उभं केलेलं काम, आणि ते ज्याच्या हातात द्यायचं तो कदाचित अर्तमा असेल, ज्याचं नाव अख्ख्या बायबलमध्ये इथे एकदाच येतं. तुखिक तरी पौलाची पत्रं पोचवणारा म्हणून ओळखीचा. कोण येणार हेही अजून ठरलेलं नाही.

शहरातल्या फेलोशिपमध्ये हे वचन मला वारंवार आठवतं. लीडरला पुण्याहून हैदराबादला नोकरी लागते, किंवा ऑनसाइट जावं लागतं, आणि तीन महिन्यांत ग्रुप बंद पडतो. कारण गाण्यांची फाइल त्याच्या लॅपटॉपवर, मुलांच्या आईवडिलांचे नंबर त्याच्या फोनमध्ये, हॉलच्या वॉचमनशी ओळख त्याची. त्याने जीव तोडून सेवा केलेली असते, त्यात शंका नाही. पण त्याच्यानंतर निर्णय घेऊ शकेल असा एकही माणूस नेमलेला नसतो. क्रेतात मात्र तीत निघाला असेल तेव्हा गावोगाव वडील होते. म्हणूनच तर १:५ चं काम आधी होतं आणि ३:१२ ची हाक नंतर.

पुढे तीत आपल्याला एकदाच दिसतो. २ तीमथ्य ४:१० मध्ये पौल तुरुंगातून लिहितो की तीत दालमतियाला गेलाय. एड्रियाटिक समुद्राच्या काठी, निकपलीच्या उत्तरेला. नवा प्रदेश, नवं काम.

या आठवड्यात एक गोष्ट करून बघा. तुमच्या सेवेतली एक बाब निवडा, जिच्यासाठी लोक अजूनही तुम्हालाच फोन करतात. ती कोणाला द्यायची त्याचं नाव प्रार्थनेत ठरवा. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: हद्द कुठपर्यंत, खर्च किती करता येईल, आणि हिशेब कधी बसून बघायचा. मग बाकीच्यांनाही सांगा, म्हणजे फोन त्याच्याकडे जातील. आणि त्यानंतर तुमच्या वाट्याला त्रोवसची ती बेचैनी येईल, तेव्हा २ करिंथ ७:६ उघडा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सगळा अधिकार तुझ्याकडे असताना तू तो आमच्यासारख्यांच्या हाती दिलास आणि आम्हाला पाठवलंस. ज्यांनी आमच्यावर भरवसा ठेवून आम्हाला काम दिलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. आज ज्याचं नाव आमच्या मनात आलंय, त्याला तू बळ दे, शहाणपण दे. त्याने आमच्यापेक्षा वेगळं काही ठरवलं तर आम्हाला शांत राहायला शिकव. आणि जे आज कुठल्यातरी क्रेतात एकटेच उभे आहेत, त्यांच्याजवळ राहा. तुझ्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: तीत २:१-१०